डब्याच्या दहा हजार गोळ्या

३ मार्च, सोमवार

डबा आला! खोकं उघडायला आम्ही तिघं — मी, आमच्या प्रमुख मॅडम आणि मोजमापवाला मिलिमीटर — आहेर उघडायला बसल्यासारखे. आत फोमची गादी, गादीवर काळं, चकाकी नसलेलं, एखाद्या खेळण्यासारखं पिस्तूल. नळी आणि वरची सरकणारी स्लाइड पोलादाची. पण सांगाडा आणि मूठ प्लास्टिकची. पॉलिमर म्हणायचं, नाहीतर मॅडमच्या कपाळाला आठ्या. वजन सहाशे वीस ग्रॅम! आमचं सध्याचं पिस्तूल, थोरलं, पोलादी, अकराशेचं. उचललं आणि हसूच फुटलं.

'डबा' हे नाव बाबांनी ठेवलेलं. मागच्या आठवड्यात फोटो दाखवला तर म्हणाले, "हे पिस्तूल? यात पोरं मधल्या सुट्टीचा खाऊ नेतात." झालं, आमच्या शस्त्रचाचणी केंद्रात सगळे डबाच म्हणायला लागले. कागदोपत्री 'नमुना क्रमांक तीन'.

काम ठरलेलं. दहा हजार गोळ्या, रोज पाचशे. दर हजाराला पंचवीस मीटरवर नवा कागद, वाळूच्या पिशवीवर हात टेकून पाच नेम. पाच भोकांतल्या सगळ्यात लांबच्या दोघांमधलं अंतर, त्याला आम्ही पसारा म्हणतो. थोरल्याचा दहा हजारांनंतरचा पसारा होता अठ्ठावन्न मिलिमीटर. डब्याला त्याच्या दीडपटीपर्यंत सवलत, म्हणजे सत्त्याऐंशी. वर गेला की नापास. नापास म्हणजे पुढची दहा वर्षं प्लास्टिकचं नाव नाही, गस्तीवरच्या सगळ्यांच्या कमरेला तेच अकराशे ग्रॅम. निर्णयाची बैठक पंधरा एप्रिलला.

आणि नेमबाज कोण? अस्मादिक! वीस वर्षांत पहिल्यांदा अख्खी चाचणी माझ्या एकटीच्या नावावर.

४ मार्च, मंगळवार

पहिले हजार पूर्ण. पसारा चौसष्ट. नव्या पिस्तुलाला उत्तम! मिलिमीटरने दोनदा मोजला. याला हे नाव उगाच नाही पडलं — मोजमाप खोलीचा एकटा राजा, व्हर्नियर शर्टाच्या खिशात पेनासारखा. एकदा कॅन्टीनच्या बिस्किटांचा व्यास मोजून तक्रार केली होती.

येताना नेहमीप्रमाणे बोळातल्या फ्रेमपाशी थांबले. बाबांचा कागद. बावीस वर्षांपूर्वी, थोरल्याच्या दहा हजाराव्या गोळीनंतरचे पाच नेम. पाच भोकं, चहाच्या बशीच्या मधल्या गोलात मावतील अशी. खाली पितळी पट्टीवर बाबांचं नाव. नोकरीला लागले त्या दिवसापासून या कागदाशी माझी स्पर्धा आहे आणि त्या दिवसापासून मी हरतेय.

घरी येऊन चौसष्ट सांगितलं. बाबा म्हणाले, "पहिल्या हजाराला माझी काठीपण नीट मारेल. सहा हजारांनंतर बोल. प्लास्टिक थकतं."

"आणि पोलाद?"

"पोलाद म्हातारं होतं. थकत नाही."

७ मार्च, शुक्रवार

पाऊण आठवडा नुसतं ठो ठो. दोन हजारांना त्रेसष्ट. खांदा भरून आलाय. बाकी सुख.

८ मार्च, शनिवार

सुट्टी. आई ओट्याशी वाटाणे सोलत बसली होती. सोललेली टरफलं न बघता मागे फेकत होती आणि एकूण एक कोपऱ्यातल्या बादलीत! मी पेपर बाजूला ठेवून मोजलं. एकोणचाळीस. चाळिसाव्याला माझ्याकडे बघून म्हणाली, "बसून बघण्यापेक्षा चार सोल की."

ही बाई अशीच आहे. मी खालून हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरून किल्ल्या टाकते, त्या माझ्या उघड्या पिशवीतच पडतात. सुईत दोरा पहिल्या खेपेला. तेही त्या शिवणाच्या जुन्या चष्म्यातून, ज्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे. नवा, जास्त नंबरचा चष्मा पेपरसाठी, जुना 'हाताएवढ्या लांबच्या कामासाठी'. आमच्याच केंद्रात ती कागद चिकटवायच्या कामाला होती. नेमबाजाने भोकं पाडायची, हिने नवा कागद लावायचा. मग गुडघे दुखतात म्हणून सोडलं.

मी म्हटलं, "आई, तूच का नाही गं नेमबाज झालीस?"

"कागद कोणी चिकटवले असते?"

बाबांनी लगेच रेडिओ मोठा केला.

१२ मार्च, बुधवार

आज तीन हजार सातशे चाळिसाव्या गोळीला कट्! चाप ढिला. उघडून पाहिलं, चापाची बारकी स्प्रिंग तुटलेली. मॅडमचा चेहरा पडला. मी दुसरी स्प्रिंग बसवली, घड्याळ लावून दोन मिनिटं दहा सेकंद, आणि पुढे सुरू. स्प्रिंग पोलादाची होती हे मुद्दाम ठळक अक्षरात नोंदवलं!

घरी बाबांना पेढे वाटल्यासारखा आनंद. "तुटलं ना? सांगितलं नव्हतं?"

"बाबा, प्लास्टिकला काही झालं नाही. पोलादाची स्प्रिंग तुटली."

"प्लास्टिकच्या संगतीने तुटली."

आता याच्यावर काय बोलायचं! सत्तरी उलटली, पण हार मानतील तर शपथ.

१३ मार्च, गुरुवार

गोळ्यांना सुट्टी, आज डब्याचे हाल. आधी भट्टीत साठ अंशांवर चार तास. मग बर्फपेटीत — तिथे मॅडमचं दही होतं, ते बाजूला सरकवलं. मग दोन मीटरवरून सिमेंटवर सहा वेळा. मग चिखलाची बादली. शेवटी मिलिमीटरच्या डोक्यातून निघालं, "मॅडम, तुमची गाडी वरून घालू या का?" घातली! मॅडमनी स्वतः चालवली, एकदा पुढे, एकदा रिव्हर्स.

डब्याला कोपऱ्यावर एक पांढरट ओरखडा. मिलिमीटरने सांगाडा मोजला. फरक: केसाच्या निम्म्याहून कमी. पाण्याखाली धरला, झटकला, भरला, झाडला. चालला!

मला त्याचं कौतुकच वाटायला लागलंय. पोलाद मार खाल्ला की पोचा धरून बसतं. हे जरासं वाकतं आणि मुकाट्याने परत जागेवर येतं. झटकाही थोडा पिऊन टाकतं, माझ्या मनगटाला विचारा.

१४ मार्च, शुक्रवार

कालचे बुडालेले पाचशेही आज भरून काढले. पाच हजार. सहासष्ट. अर्धी लढाई जिंकली!

१८ मार्च, मंगळवार

सहा हजार. चौऱ्याहत्तर.

हं.

बाबांना सांगितलं नाही. विचारलं तेव्हा म्हटलं, "ठीक चाललंय." ते माझ्याकडे बघून नुसते हसले. सहा हजारांनंतर बोल म्हणाले होते ना!

२० मार्च, गुरुवार

सात हजार. त्र्याऐंशी. म्हणजे नापासाच्या रेषेपासून चार मिलिमीटर.

नेमकी आजच एक गस्तवाली पोलीस आली होती. बाजारपेठेत गस्त घालते, एवढीशी चण, पट्ट्यात थोरलं पिस्तूल लटकलेलं. नमुना बघायची परवानगी घेऊन आली. डबा हातात घेतला, मुठीभोवती बोटं पुरली, आणि चेहरा असा खुलला! मग शर्ट जरासा वर करून कमरेवरचा काळानिळा डाग दाखवला. "बारा तास लटकवते ताई. एका बाजूला झुकून चालते म्हणून आमची मुलगी माझी नक्कल करते. लवकर पास करा हो याला."

मी म्हटलं, "पास होणं त्याच्या हातात आहे."

आता लिहिताना वाटतंय, खरंच त्याच्याच हातात आहे ना?

२१ मार्च, शुक्रवार

कारण सापडलं! नळीच्या टोकावर नेम धरायची माशी असते ना — तिच्यावरचा पांढरा ठिपका फिका झालाय. नेम धरताना माशी स्पष्ट दिसायला हवी आणि कागद धूसर. मला उलटं होतंय. कागद लख्ख, माशी पुसट. म्हणजे रंगच उडाला असणार.

मिलिमीटरला बोलावलं. त्याने भिंगातून पाहिलं. "ताई, ठिपका नवा कोरा आहे."

मग दिवा असेल. दिवा बदलून घेतला. डोळ्यांवरची संरक्षक काचही धुतली, साबणाने. तरी तेच.

२२ मार्च, शनिवार

बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघत होते. हात लांब केला. अजून लांब केला. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "हात तोकडे पडायला लागले वाटतं तुझे."

"प्रिंट बारीक करतात हल्ली."

"हो ना. चाळिशीनंतर सगळ्यांचीच प्रिंट बारीक होते."

मी पाकीट आपटलं आणि गच्चीवर जाऊन कपडे वाळत घातले. माझे डोळे उत्तम आहेत! दरवर्षी केंद्रात लांबचा तक्ता वाचायला लावतात. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचते मी.

२५ मार्च, मंगळवार

आठ हजार. शहाण्णव.

मॅडमनी कागद उजेडात धरला, मग खाली ठेवला. म्हणाल्या, "सांगाडा ढिला झाला असणार. प्लास्टिकच शेवटी. नोंद करा, सही करा, थांबवू या." मॅडम वाईट नाहीत. त्यांना पंधरा तारखेला बैठकीत उभं राहायचंय.

मी म्हटलं, "एक दिवस द्या."

एक दिवस कशासाठी मागितला, मलाच कळलं नाही. पण सही करायला पेन उघडलं आणि गस्तवालीची कंबर डोळ्यांसमोर आली. तिच्या मुलीची नक्कलसुद्धा.

२६ मार्च, बुधवार

मिलिमीटर आज माणूस म्हणून नव्याने कळला! आमच्याकडे एक लोखंडी शिकंजा आहे. पिस्तूल त्यात आवळायचं, दोरीने चाप ओढायचा, माणसाचा हातच नको. पण प्लास्टिकची मूठ त्यात दबते आणि नेम वाकडे जातात, म्हणून नियमाने प्लास्टिकला शिकंजा वर्ज्य. हा पठ्ठ्या सकाळी घरचं जुनं रबरी पायपुसणं घेऊन आला. मुठीच्या मापाने कापलं, दोन्ही बाजूंना बसवलं, शिकंजा हलकेच आवळला. "ताई, दाब मोजलाय. मूठ दबणार नाही."

पाच गोळ्या. दोरी मी ओढली. माझा नेम कसाही असो, आज त्याने बिघडणार काय होतं!

त्याने मोजलं. परत मोजलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्रेसष्ट."

आठ हजार गोळ्या, भट्टी, बर्फ, चिखल, मॅडमची गाडी एवढं सगळं झाल्यावर त्रेसष्ट. डबा जसा आला तसाच आहे.

पायपुसण्यावर 'सुस्वागतम्' लिहिलं होतं. त्यातलं 'सुस्वा' डबा धरून बसलाय.

२७ मार्च, गुरुवार

मग राहिलं कोण? मी.

२८ मार्च, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. लहान मुलांशी बोलतात तशा बोलतात. "हात ताठ करा बघू. हे पेन माशी समजा. कशी दिसते?"

"गुबगुबीत."

खो खो हसल्या. मग एकेक काच घालत गेल्या आणि तिसऱ्या काचेला — अरे बापरे! पेनाचं टोक, टोकावरची शाई, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेघा! मी चक्क ओरडले, "दिसलं!" बाहेर बसलेले पेशंट डोकावले.

"वयाप्रमाणे आहे हो. सेहेचाळिशीत नाही तर कधी? वर्षभर तरी ओढाताण चालली असेल तुमची. लांबचा तक्ता वाचून हे कसं कळणार?"

चष्मा घेऊनच घरी आले. पिशवीत ठेवलाय. रस्त्यात तीनदा काढून लावला. दुकानाच्या पाट्या सोडून स्वतःच्या हाताकडेच बघत चालले होते. किती ओरखडे आहेत हातावर!

३० मार्च, रविवार

दोन दिवस हेच डोक्यात. इथे तरी नीट मांडते.

आमच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर नियम आहे: 'एक पिस्तूल, एक नेमबाज. नेमबाज, त्याचा पवित्रा आणि त्याची साधनं आरंभापासून अखेरपर्यंत तीच.' चष्मा लावला की साधन बदललं. चाचणी रद्द. आठ हजार गोळ्या पाण्यात, पुन्हा नंबर लागायला वर्ष तरी. आणि ज्या नेमबाजामुळे चाचणी रद्द होते तो परत नेमबाजीच्या ओट्यावर उभा राहत नाही, भांडारात बसून नटबोल्ट मोजतो.

गप्प बसले तर? शहाण्णववर सही करायची. डबा नापास. माझी जागा शाबूत. कुणाला काही कळणार नाही. मिलिमीटर बोलणार नाही, त्याने तसं सांगितलंच. "ताई, तुम्ही सांगाल ते माप."

पण तो डबा नापास नाहीये! मीच नापास आहे!

आणि हा नियम लिहिला कोणी? बाबांनी. थोरल्याच्या चाचणीनंतर ते केंद्राचे मुख्य झाले, त्याच वर्षी. शब्द त्यांचेच आहेत, मला तर पाठ आहेत. आज जेवताना सहज म्हणून विचारलं, "बाबा, हा नियम एवढा कडक का केला?"

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला. "कडक नसेल तर नियम कशाला म्हणायचं."

"तुम्हाला दहा हजारांत कधी नजरेचा त्रास झाला नाही?"

"त्या जुन्या गोष्टी काय काढतेस. भात घे."

त्या कागदाचा विषय निघाला की असंच करतात. बक्षीस समारंभात सगळे फ्रेमशेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि बाबा कायम कडेला, अर्धे फोटोबाहेर. विनय म्हणतात तो हाच. मला नाही जमणार. मी त्या कागदाशेजारी उभी राहिले असते तर हललेच नसते.

आई माझ्याकडे एकटक बघत होती. जेवण झाल्यावर हळूच म्हणाली, "चाप ओढताना श्वास अर्धा सोडून धरतेस ना? आणि दात आवळू नकोस. दात आवळले की हात वर जातो."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कागद चिकटवता चिकटवता कळतं."

१ एप्रिल, मंगळवार

सांगून टाकलं! काल मॅडम बाहेरगावी होत्या, म्हणून आज, नेमकी आजची तारीख! मी म्हटलं, "मॅडम, डबा ठीक आहे, माझे डोळे गेलेत." मॅडम हसल्या. "छान. मीपण सकाळी शिपायाला फसवलं." मग मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेजारी शिकंज्याचा कागद. हसू थांबलं.

कागद उजेडात धरला. मग, "शिकंज्याचा आकडा नियमात बसत नाही."

"माहीत आहे. म्हणून तो नोंदवत नाही. माझे सहा, सात, आठ हजारांचे आकडे धरू नका, एवढंच लिहून देते. चाचणी रद्द होऊ दे, पण नापास लिहू नका. पुढच्या वर्षी दुसरं कोणी मारेल."

"आणि तुमचं काय?"

"भांडारात पंखा चांगला आहे."

मॅडमनी नाक पुसलं. सर्दी असावी. अर्ज ठेवून घेतला, म्हणाल्या शुक्रवारी कळवते, तोवर ओट्यावर जाऊ नका.

बाहेर आले तर पाय इतके हलके! बोळातल्या फ्रेमपाशी थांबले. चष्मा लावून पहिल्यांदाच जवळून बघितली. भोकांच्या कडा, कागदाचे तंतू, सगळं. बाबा, हरले मी तुमच्यापुढे. पण बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय.

२ एप्रिल, बुधवार

भांडारात पहिला दिवस. चौदाशे बारा स्क्रू. पंखा खरंच चांगला आहे.

संध्याकाळी घरात चष्मा लावून वावरले, लपवायचं काय आता! आईने पाहिलं. "शोभतो." बाबांनी पाहिलं आणि चहाचा कप तसाच हातात राहिला. मी सगळं सांगितलं, शहाण्णवपासून पंख्यापर्यंत. हसत हसतच सांगितलं, म्हणजे त्यांना वाईट वाटायला नको. वाटलं, ओरडतील. निदान 'प्लास्टिक ते प्लास्टिकच' तरी म्हणतील.

"कोणी विचारलं होतं का तुला?" एवढंच म्हणाले.

"नाही."

"मिलिमीटरने धमकी वगैरे?"

"बाबा! तो पायपुसणं देऊन बसलाय बिचारा."

"मग आपणहोऊन सांगितलंस?"

"हो."

बाबा उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी शाळेत होते तेव्हा ठेवायचे, त्यानंतर आजच. हात गरम होता. मग आत गेले आणि आईला हाक मारली. दार लावून दोघं कितीतरी वेळ बोलत होते. एकदा आईचा आवाज चढला: "मी तेव्हाच म्हणत होते तुम्हाला!" 

माझ्यामुळे भांडले. वाईट वाटलं. उद्या दोघांना कुठेतरी फिरायला नेईन म्हणते.

३ एप्रिल, गुरुवार, सकाळ

फिरायला कुठलं! सात वाजता दोघंही ठेवणीतले कपडे घालून दारात. बाबांच्या शर्टाला कडक इस्त्री. आईच्या हातात पर्स आणि शिवणाचा तो दोरा बांधलेला चष्मा. "कुठे?" तर बाबा म्हणाले, "डॉक्टरकडे." आई म्हणाली, "बँकेत." एकाच वेळी! आणि गेलेसुद्धा. मला स्क्रू मोजायला उशीर होतोय.

३ एप्रिल, संध्याकाळ

फ्रेममधली ती पाच भोकं बाबांची नाहीत. आईची आहेत.

आठ हजारांपासून पुढचे सगळे मोजायचे नेम तिचेच, त्या जुन्या चष्म्यातून! बाबांचे डोळे तेव्हाच गेले होते, माझ्यासारखेच. जागा जाईल म्हणून गप्प राहिले. आज मॅडमसमोर उभं राहून सांगितलं. "मी रिवाज मोडला, म्हणून तर नियम लिहिला. बावीस वर्षं त्या भिंतीसमोरून मान खाली घालून गेलो. पोरीला जमलं ते मला जमलं नाही."

मॅडमना पटेना. तेव्हा मला भांडारातून बोलावलं आणि आईच्या हातात डबा दिला. अडुसष्टाव्या वर्षी! पाच गोळ्या. मिलिमीटरने तीनदा मोजलं: एकाहत्तर.

"थोरलं चष्म्यातून पास झालं, मग डबा का नको," म्हणत मॅडमनी पुस्तिका उघडून 'साधनं' या शब्दावर लाल रेघ मारली. सहा हजारांपासूनचे मोजायचे नेम उद्या पुन्हा घ्यायचे, मग उरलेले दोन हजार. चष्म्यासकट, माझ्या हातून.

आईने चष्मा पदराने पुसला आणि बाबांकडे वळली. "अहो, किती हलकं आहे हे! त्या वेळी असतं तर माझं मनगट तरी दुखलं नसतं."